मोहोराचे गुडघे

माझी मोहोरा पंचावन्न वर्षांची आहे. हे मी पहिल्या खंडाच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय, म्हणजे पुस्तक न वाचता नुसतं चाळणाऱ्यालाही कळावं. सात विहिरींची राखण करणारी बाई. गुडघे धरलेले. जिना उतरताना भिंतीचा आधार घेते आणि दर पायरीला एक शिवी हासडते. टीव्हीवाल्यांनी तिला बावीस वर्षांची केली. पायात पैंजण, केस मोकळे, आणि विहिरीत उतरायचं म्हणजे सरळ उडी. मालिकेचा पहिला भाग लागला त्या संध्याकाळी मी सोफ्यावरून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे ती ऐकायला फक्त आमचे नीळकंठराव होते. त्यांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

मी वासंती. बुलढाण्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, गेल्या वर्षी निवृत्त झाले. पोरांना भूजलाची पातळी शिकवता शिकवता माझ्या डोक्यात जमिनीखालचं एक राज्य तयार झालं. तिथे पाणी झोपतं, आणि ते झोपलं की वरची गावं सुकतात. सात विहिरींच्या तळाशी त्या राज्याची सात दारं आहेत. पाणी जागं ठेवायचं हे मोहोराचं काम, आणि ते कायमचं झोपवायचं हा क्षारराजाचा उद्योग. 'निद्राजळ' या नावाने त्याचे पाच खंड झाले, अठरा वर्षांत. सहावा आणि शेवटचा लिहायचा होता, तेवढ्यात मालिका आली.

मालिका आल्यावर मला एकदम भाव आला. कॉलेजांतून बोलावणी येऊ लागली, विषय ठरलेला: पुस्तक आणि मालिका. मी जायचे आणि यादीच वाचायचे. माझा क्षारराज पाच खंडांत एकदाही दिसत नाही, फक्त विहिरींच्या भिंतींवर मिठाचा थर चढत जातो. त्यांनी त्याला शिंगांचा मुकुट दिला. माझं पाणी झोपलं की घोरतं. त्यांचं निळं चमकतं. माझ्या मोहोराच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, त्यांच्या मोहोराच्या कपाळावर रत्न. पोरं टाळ्या वाजवायची, प्राचार्य शाल द्यायचे, आणि मी जिंकल्यासारखी घरी यायचे.

घरी नीळकंठराव एकच विचारायचे, "आणि तो नावाडी?" मी शाल पेटीत टाकायला आत निघून जायचे. माझ्या पुस्तकात एक मुका नावाडी आहे, साडेचार ओळींचा. मालिकेत तो झोपलेल्या पाण्यावरून होडी नेतो तेव्हा वल्हं टाकायच्या आधी पाण्यावर हात ठेवतो, निजलेल्या लेकराच्या अंगावर ठेवावा तसा. मला ते सुचलं नव्हतं. ते पाहून मी रडले होते, आणि हे मी कुठल्याही कॉलेजात सांगितलं नाही.

पण खरं दुखणं नावाड्याचं नव्हतं. माझे पाच खंड संपले तरी मालिका पुढे चालूच राहिली आणि दिवाळीत तिचा शेवट दाखवला. मोहोरा सातव्या विहिरीत उतरते, आणि पाणी पुन्हा कधी झोपू नये म्हणून कायमची खालीच राहते. घरोघरी डोळे पुसले गेले. नीळकंठरावांनीही चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, बाकी काही म्हण वासंती, शेवट मात्र झकास केला त्यांनी.

तो शेवट माझा होता. मालिकेची बोलणी करायला मी मुंबईला गेले होते तेव्हा एका थंडगार खोलीत एका गोड मुलीने चहाचा कप पुढे करत सहज विचारलं होतं, मॅडम, शेवट काय ठरवलाय तुम्ही? अठरा वर्षांत मला हा प्रश्न इतक्या प्रेमाने कुणी विचारला नव्हता. मी पाच मिनिटांत सगळा सांगून टाकला. चोरी नाही, फसवणूक नाही, माझीच जीभ सैल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आता तोच शेवट लिहावा तर लोक म्हणणार, बाईंनी टीव्हीवरून उचलला. दुसरा लिहावा तर तो खोटा, कारण मोहोरा खाली राहणार हे मला पहिल्या खंडापासून ठाऊक होतं.

म्हणून मी लिहिणंच सोडलं. विचारणाऱ्यांना सांगायचे, मालिकेने माझ्या गोष्टीची वाट लावली, आता इच्छा उरली नाही. नीळकंठरावांनाही हेच सांगितलं. सहाव्या खंडाची वही कपाटात गेली. सकाळी पाचला उठायची माझी सवय मात्र जाईना. उठून मी टेबलाशी बसायचे आणि उजाडेपर्यंत शेजारच्यांच्या गच्चीकडे बघत राहायचे. फार वाईट दिवस होते ते. अठरा वर्षं जिच्याबरोबर काढली ती मोहोरा पायरीवर एक पाय टाकून तशीच उभी होती, आणि तिला मीच उभं करून ठेवलं होतं.

माघात एक फोन आला. "मॅडम, आमची पोथी अडून राह्यली," एक तरुण मुलगी म्हणाली. मी म्हटलं, चुकीचा नंबर लागलाय. ती म्हणाली, नाही, प्रकाशकाकडून मागून घेतलाय. मग तिने जे सांगितलं ते मला दोनदा विचारून घ्यावं लागलं.

तिचं नाव पुष्पांजली. माहेर शेगावचं, लग्न होऊन सोनाळ्याला आलेली. सोनाळ्याला मारुतीच्या देवळात दर आषाढात पोथी लावतात. एकजण वाचतो आणि दुसरा दर चार ओळींनंतर थांबवून अर्थ सांगतो. अर्थ सांगायचा मान पुंजाजींचा. वय ऐंशी, एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्याचाही फारसा भरवसा नाही. गेल्या वर्षी देवळातल्या पोथीला वाळवी लागली. पुष्पांजलीच्या सासूने, रुखमाबाईंनी, सांगितलं की आमच्या घरी आहे पोथी, आणि सूनही शिकलेली आहे, तीच वाचेल. घरातली पोथी लाल फडक्यात बांधलेली. माहेराहून आणलेली 'निद्राजळ'ची पुस्तकंही पुष्पांजलीने लाल फडक्यातच बांधलेली, कारण सासरी चांगल्या पुस्तकाला लाल फडकंच बांधतात. घाईत तिने भलतंच गाठोडं उचललं. देवळात पुंजाजींनी बांधल्या गाठोड्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पोथी लागली असं म्हणाले, आणि मग तिने फडकं सोडलं.

लग्नाला जेमतेम दोन महिने झालेली सून. समोर अख्खं गाव. तिने काय करावं? तिने वाचायला सुरुवात केली. मोहोरा, विहीर, गुडघे, शिव्या, सगळं. मालिका तोवर गावात कुणी पाहत नव्हतं. आणि पुंजाजींनी दर चार ओळींनंतर अर्थ सांगितला. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी रडत रडत तिने कबूल केलं की ही पोथी नाही, ही एका बाईने बुलढाण्याला बसून लिहिलेली गोष्ट आहे. पुंजाजींनी जरा विचार केला आणि म्हणाले, पोथ्याही कोणीतरी कुठंतरी बसूनच लिहिल्यात. नारळ फुटला, आता लागली ती लागली.

लागलेली पोथी अर्धवट सोडता येत नाही. समाप्ती करावी लागते, रोडगे-वांग्याची पंगत द्यावी लागते, त्याशिवाय दुसरी पोथी पाटावर चढत नाही. पाच खंड कार्तिकात वाचून झाले. सहावा नाही. तेव्हापासून देवळात वाचन बंद होतं, आणि पुढचा आषाढ पाच महिन्यांवर आला होता. पुष्पांजलीने अगदी हळू आवाजात विचारलं की सहावा खंड कधी येईल.

मी म्हटलं, मी येते. लिहायचं नव्हतंच. तोंडी शेवट सांगायचा, नारळ फोडायला लावायचा आणि त्यांना मोकळं करायचं, असं मी ठरवलं. खरं म्हणजे मलाही मोकळं व्हायचं होतं. पुस्तक मिटायचंच असेल तर निदान कुणीतरी नीट मिटावं.

खामगाव, शेगाव अशा एसट्या बदलत मी दुपारी सोनाळ्याला उतरले. पुष्पांजली घ्यायला आली होती. देवळात शिरले आणि माझे पायच थबकले. मारुतीपुढे चौरंगावर माझे पाचही खंड एकावर एक ठेवलेले, मुखपृष्ठांवर हळदकुंकवाची बोटं, कोपरे हाताळून मऊ झालेले. मला पुरस्कार मिळालेत, शाली तर पेटीभर आहेत. पण असं कधी झालं नव्हतं. मला फार बरं वाटलं आणि त्याचा रागच आला, कारण मी पुस्तक मिटायला आले होते.

तीसेक माणसं होती, बहुतेक बाया. मला खुर्ची दिली. पुंजाजी खांबाला टेकून बसले होते. चहा झाला. मी वर्गात बोलायचे तशी मुद्द्यावर आले. म्हटलं, मालिका किती जणांनी पाहिली? सगळ्यांचे हात वर. शेवट पाहिला? पाहिला. म्हटलं, मग झालं तर. मोहोरा खाली राहते. माझ्या पुस्तकाचा शेवटही तोच. तुम्हाला तो माहीतच आहे, तेव्हा आज समाप्ती करून टाका.

एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मला थांबता आलं नाही. चार महिने नवऱ्यालाही न सांगितलेली गोष्ट मी त्या परक्या देवळात सांगून बसले. तो शेवट माझाच होता, मी चहाच्या कपावर तो सांगून टाकला, आता लिहिला तर लोक मला चोर म्हणतील, आणि म्हणून सहावा खंड नाही आणि होणारही नाही. शेवटच्या वाक्याला माझा आवाज फाटला. मला फार लाज वाटली.

मला वाटलं होतं लोक हळहळतील, निदान त्या मुंबईच्या मुलीला दोन शब्द बोलतील. कुणी हळहळलं नाही. पुंजाजींनी चांगल्या डोळ्याने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"शेवट तं सर्वायलेच माहीत असते, बाई," ते म्हणाले. "पन्नास वर्सं झाले मी अर्थ सांगून राह्यलो. वनवासातून परत येतेत हे शेंबड्या पोरालेही ठाऊक. काऊन येतेत मंग लोकं दरसाली आयकाले?"

भूगोलाच्या बाईला प्रश्न विचारायची सवय असते, उत्तर द्यायची नसते.

मग रुखमाबाई बोलल्या. जाड बांध्याची, साठीची बाई, पाय लांब सोडून बसलेली. त्यांचं म्हणणं मालिकेबद्दल काही वाईट नव्हतं. पोरगी देखणी होती, कपडे चांगले होते, नावाडी तर फारच चांगला होता. फक्त एक गोष्ट त्यांना दिवाळीपासून टोचत होती.

"त्या टीव्हीवालीनं मारली उडी अन् गेली. तिले गुडघेच नाईत तं तिचं काय," त्या म्हणाल्या. "पन आपली मोहोरा? तीनशे पायऱ्या हायेत म्हनता तुमी. थे उतरली कशी?"

आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मला त्या क्षणी जे कळलं ते मी स्पष्टच सांगते, कारण लपवायची हौस आता फिटली आहे. मला माहीत नव्हतं. मुंबईच्या मुलीला मी पाच मिनिटांत जो शेवट सांगितला होता त्यात मोहोरा एका वाक्यात खाली पोचली होती. अठरा वर्षं तिच्या गुडघ्यांवर पानंच्या पानं लिहिणारी मी, तिला शेवटचं उतरताना पाहिलंच नव्हतं. त्यांनी माझं जे नेलं ते एक वाक्य होतं. खंड अजून माझ्याकडेच होता, आणि तो मी लिहिलेलाच नव्हता. चार महिने मी टीव्हीवर राग काढत होते आणि तीनशे पायऱ्या तशाच पडून होत्या.

मी खुर्चीवरून उठले आणि रुखमाबाईंजवळ जाऊन खाली बसले. विचारलं, तुमचेही गुडघे दुखतात का? त्या म्हणाल्या, दहा वर्षं झाली. म्हटलं, मग तुम्ही या देवळाच्या पायऱ्या कशा उतरता?

तोंडाने सांगणं त्यांना जमेना. सुनेचा हात धरून त्या उठल्या आणि दाराशी गेल्या. देवळाचा चौथरा उंच आहे, आठ-नऊ पायऱ्या. रुखमाबाईंनी रस्त्याकडे पाठ केली, तोंड आमच्याकडे केलं, एका हाताने कठडा धरला आणि डावा पाय मागे, खालच्या पायरीवर टाकला. मग उजवा. असं उलटं उतरलं की गुडघ्यावर भार कमी येतो, असं त्या उतरता उतरता सांगत होत्या. आणि त्या सगळ्या वेळात आम्हाला त्यांचा चेहरा दिसत होता. पायरीगणिक खाली जाणारा, पण आमच्याकडेच पाहणारा. शेवटच्या पायरीवर पोचल्यावरही त्या बोलतच होत्या, पुंजाजीबाबा, तुमचा चहा थंडा होऊन राह्यला म्हणून.

मी पुष्पांजलीला म्हटलं, पाचव्या खंडाचं शेवटचं वाक्य वाच. तिला काही कळलं नाही, पण तिने चौरंगावरून पुस्तक उचललं, कपाळाला लावलं आणि पोथीच्या लयीत वाचलं: "मोहोराने सातव्या विहिरीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि काठावर उभ्या असलेल्या कुणालाच काय बोलावं ते सुचलं नाही."

पुढे पान नव्हतं. मी बोलले. मोठ्याने, कुणाकडेही न बघता. "तिने विहिरीकडे पाठ केली. काठावरच्या सगळ्यांकडे तोंड करून, भिंतीला हात लावून, ती पहिली पायरी मागे पाय टाकून उतरली. गुडघा कळवळला. तिने शिवी दिली, आणि काठावरचं कुणीतरी हसलं."

मी थांबले, कारण पुंजाजींनी हात वर केला होता. चार ओळी झाल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले आणि नेहमीसारखा अर्थ सांगायला सुरुवात केली. मी समोर बसले आहे याचं त्यांना काही नव्हतं.

"आयका. टीव्हीतली थे गेली. जानारा मानूस पाठ दाखवते. आपली मोहोरा गेली नाई, उतरली. तिचं तोंड आपल्याकडं हाये. तळाले पोचेलोक थे आपल्यालेच पाहून राह्यली. मंग तिले गेली कसं म्हनावं?"

हा अर्थ माझ्या मनात नव्हता. वाक्य माझं होतं, मिनिटभरापूर्वीचं, आणि त्यात काय आहे हे मला एका अर्ध्या आंधळ्या म्हाताऱ्याने सांगितलं. अठरा वर्षं मी समजत होते की मी एका बाईचा बळी जाण्याची गोष्ट लिहिते आहे. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलं नाही. पलीकडे एक बाई पदराला नाक पुसत होती, म्हणजे मी एकटी नव्हते.

समाप्तीचा नारळ त्या दिवशी कुणी फोडला नाही. पुंजाजींनी परस्पर ठरवून टाकलं की लिहून होईल तसं पाठवावं, इथे होईल तसं वाचू, आषाढापर्यंत नाही झालं तर आषाढ थांबेल. आषाढ थांबणारा नव्हता हे त्यांनाही ठाऊक होतं. पुष्पांजलीने कुणाच्या तरी दप्तरातून वही आणली आणि माझ्यासमोर उघडी धरली. मी म्हटलं, तूच लिही, मी सांगते.

रुखमाबाई पुन्हा वर चढून आल्या होत्या. मांडीशेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "मंग?"

सातव्या विहिरीला तीनशे पायऱ्या आहेत. त्या दुपारी, शेवटची एसटी यायच्या आत, मोहोरा अकरा उतरली.